भोंगा आणि कुजबुजे साहेब

भोंगा हे काही तिचं आईबापांनी ठेवलेलं नाव नव्हे. ते लॉन्ड्रीनं ठेवलं आणि तिनं कमावलं. घरात ती "मीठ दे गं" म्हणाली की समोरच्या इमारतीतली बाई आपला मिठाचा डबा शोधायला लागे. नवरा ग्रंथालयात शिपाई. 'शांतता राखा' या पाटीवरची धूळ पुसणं हे त्याच्या कामात मोडायचं, पण त्या पाटीचा घरात उभ्या संसारात काडीचा उपयोग झाला नव्हता.

दोष तिचा नव्हता. इस्पितळांच्या आणि हॉटेलांच्या चादरी धुणाऱ्या त्या लॉन्ड्रीत ती पोरसवदा वयात लागली. खाली लांबलचक हॉल. भिंतीशी धुलाईची यंत्रं, पोटात दगड भरल्यासारखी धडधडणारी. मधोमध ओंडक्याएवढा गरम रोलर, वाफा सोडत फिरणारा. त्याच्या एका तोंडाशी भोंगा. ओली चादर दोन्ही कोपऱ्यांना धरायची, एक झटका द्यायचा, कड सरळ करायची आणि रोलरच्या हवाली करायची. पलीकडून ती कोरडी, कडक होऊन निघे, तिथे घडीवाली उभी.

त्या गोंगाटात बोलायचं तर एक तर भोंग्यासारखं ओरडा, नाहीतर हातांनी बोला. मूठ वर केली की थांब. अंगठा म्हणजे हो. तळहात आडवा फिरवला की नाही. कानामागे हात नेला की ऐकू आलं नाही, पुन्हा बोल. आणि नुसती मान हलवली तर? तर त्याचा अर्थ, "दिसलात मला, आता वाटेतून बाजूला व्हा." मान हलवली म्हणजे कबूल केलं, असं त्या हॉलमध्ये कुणाच्या स्वप्नातही आलं नसतं.

जुन्या मालकांना हे सगळं ठाऊक होतं. ते जिन्यावरूनच सुरू व्हायचे, "अगं ए, चादरी वाळवतेस की भाजतेस?" की भोंगा खालून, "या ना, तुम्हालाच घालते रोलरमध्ये! सुरकुत्या तरी जातील!" एवढं झालं की दोघांचाही दिवस बरा जायचा.

मग मालक थकले, लॉन्ड्री विकून मोकळे झाले आणि नव्या मालकांनी पाठवलेले कुजबुजे साहेब आले. हेही आईबापांनी दिलेलं आडनाव नव्हे. माणूस तरुण, नीटनेटका, बाह्या दुमडलेल्या त्याही दोन्हीकडे अगदी सारख्या. आवाज असा, की त्यांनी "आग लागली" म्हटलं तर शेजारच्यानं "असू दे, असू दे" म्हणावं. ते रोज हॉलमध्ये फिरत, एकेकापाशी थांबत, ओठ हलवत, हसत. समोरचा मान हलवी. साहेब खूश होऊन पुढे जात. वरच्या मजल्यावर सांगत, "माणसं फारच समंजस आहेत हो. काही सुचवा, लगेच तयार."

एका शनिवारी कपडे बदलायच्या खोलीत घडीवालीनं भोंग्याचा दंड पकडला.

"काय गं, पेढे... जाऊ दे, चहा तरी पाज! सोमवारपासून काउंटरवर चाललीस म्हणे."

"कोण?"

"तू! साहेबांनी तुला विचारलं आणि तू लगेच हो म्हणालीस. तुझ्या चेहऱ्यावर काय आनंद होता म्हणे."

"माझ्या चेहऱ्यावर घाम होता!"

भिंतीपलीकडच्या दुकानातून कुणीतरी विचारलं, "कुणाला घाम आला?"

काउंटर म्हणजे पुढची खोली. तिथे गिऱ्हाइकांशी गोड बोलायचं, हळू बोलायचं. घरी आल्यावर नवऱ्यानं समजूत घातली, "अगं, खुर्ची आहे, पंखा आहे. करून तर बघ." मुलीच्या अंगात नकलांचा किडा. ती लगेच गिऱ्हाईक झाली, नाकात बोलायला लागली, "अहो बाई, माझ्या कोटाचं बटण कुंठं गेलं?"

भोंग्यानं श्वास आत घेतला, पोट आवळलं आणि शक्य तितक्या नाजूकपणे म्हणाली, "बसा हं, शोधते."

खालच्या मजल्यावरून छताला झाडूचा दांडा बसला. "सगळं ठीक आहे ना वर?"

मुलगी जमिनीवर लोळून हसली. नवरा तोंड दाबून म्हणाला, "छान होतं. थोडं आणखी हळू."

"नाही जमत. आणि जमवायचंही नाही मला."

"पण खांदा दुखतो ना तुझा?"

"खांदा माझा आहे. दुखतो म्हणून मी कुणाला सांगत फिरते का?"

"सगळ्या गल्लीला सांगतेस."

"त्याला नाही ना सांगितलं! मी उभं आयुष्य घालवलं त्या रोलरपाशी. तिथे माझ्यासारखी कड सरळ करून दाखवा कुणी, मग बसवा मला खुर्चीवर. न विचारता जागा हलवायला मी काय कुंडी आहे?"

सोमवारी ती रोलरपाशी गेलीच नाही. थेट वर काचेच्या केबिनवर थाप मारली. काच थरथरली, साहेबही.

"या ताई, बसा ना."

"बसत नाही. बसवताय म्हणूनच आलेय."

"काउंटरचं म्हणताय? पण मी विचारलं होतं तुम्हाला. तुम्ही हो म्हणालात."

"मी मान हलवली."

"तेच ना."

"साहेब, खाली मान हलवली म्हणजे 'सरका बाजूला'. इतके दिवस अख्खा हॉल तुम्हाला सरका म्हणतोय आणि तुम्ही आभार मानताय!"

साहेबांच्या चेहऱ्यावरून एकेक होकार उतरत गेला. "म्हणजे तो धुलाईवाला सुट्टीच्या दिवशी यायला तयार आहे, ते..."

"तो सुट्टीच्या दिवशी घोरतो. बायकोला विचारा त्याच्या."

साहेब उठून उभे राहिले. मग त्यांच्या मानानं बरंच मोठ्यानं म्हणाले, "ऐकू येत नव्हतं तर कुणी सांगितलं का नाही मला? तुम्हीसुद्धा?"

हा घाव वर्मी बसला. कानामागे हात नेणं काही अवघड नव्हतं. पण साहेब येतात, ओठ हलवतात, जातात, हे तिला सोयीचंच वाटलं होतं. म्हणून काय माघार घेणार? ती भोंगा होती.

"नाही सांगितलं. आता सांगते. चला खाली, आणि काय ते सगळ्यांसमोर बोला. मला ऐकू येईल असं."

साहेब आले. रोलरपाशी उभे राहून बोलले. भोंग्यानं कानामागे हात नेला. पुन्हा बोलले. पुन्हा हात. घडीवालीचे हात चादरीवरच थांबले, धुलाईवाला यंत्रामागून डोकावला. साहेबांचे कान लाल झाले, आणि अचानक आतून, कुठून कोण जाणे, एक फाटका आवाज बाहेर पडला.

"तुमचा खांदा दुखतो! मी रोज वरून बघतो! मला वाटलं तुम्हाला बरं पडेल!"

"मग विचारायचं, दुखतो का म्हणून! जागा काढून घ्यायची नाही! ही जागा माझी आहे, मी सोडणार नाही!" भोंग्याचा तळहात हवेत आडवा फिरला.

"नका सोडू! पण जेवणानंतर तुम्ही पलीकडे घडीला, आणि त्या इकडे रोलरला!"

"नाही!"

"हो! मी साहेब आहे इथला!"

"मग साहेबासारखं ओरडा ना!"

"ओरडतोय की!"

नेमकी त्याच क्षणी धुलाईची यंत्रं थांबली, आणि "ओरडतोय की" हॉलभर घुमून जिन्यावरून परत आलं. सगळ्यांना हसू फुटलं. साहेबांनी आपल्याच गळ्याला हात लावून बघितला.

घडीवालीनं अंगठा वर केला. "मला चालेल बरं का! रोलरवर यायचं कधीपासून मनात आहे. मला कुणी विचारतंय कशाला!" हे बोलताना ती साहेबांकडे नाही, भोंग्याकडे बघत होती.

भोंग्यानं तोंड फिरवलं आणि ओली चादर उचलली. झटका, कड, रोलर.

जेवणानंतर साहेब जिन्यावर आले. "ताई! पलीकडे!"

भोंग्यानं कानामागे हात नेला.

"ताई, पलीकडे व्हा!"

पुन्हा कानामागे हात. तिला पहिल्या हाकेलाच ऐकू आलं होतं, हे हॉलमधल्या पालीलासुद्धा कळत होतं. तिसऱ्यांदा साहेब असे ओरडले की समोरच्या रस्त्यावरच्या सायकलवाल्यानं ब्रेक दाबला. तेव्हा कुठे ती हलली, तीही आधी घडीवालीला कोपरे कसे धरायचे ते सुनावून. पलीकडे जाता जाता तिनं जिन्याकडे बघून तोंड सोडलं, "कपाळाला आठ्या पडल्यात, साहेब! या खाली, घालते रोलरमध्ये!"

साहेबांनी तिच्याकडे रोखून बघितलं, बाह्या सारख्या केल्या, आणि शांतपणे नुसती मान हलवली.