उजव्या हाताले साधीच

"मशीन गरम झाली," पार्लरवाली म्हणाली. "या हाताले साधीच नेलपॉलिश लावून देते."

माहा डावा हात तयार होता. पाचही नखं मरून रंगाची, चकचकीत. उजवा तसाच उघडा पडला होता टेबलावर. मशीन म्हणजे एक छोटी पांढरी पेटी, आत निळा उजेड. जेल नेलपॉलिश लावून त्यात हात धरला की रंग पक्का होते, महिनाभर हालत नाही. थोड्या वेळाआधी माहा डावा हात त्याच पेटीत होता. तेव्हा ती गरम झाली नाही. मधात एकच गोष्ट झाली होती. मी कोण आहो, ते तिले कळलं होतं.

भंडाऱ्यातलं पार्लर. मले तिथं घेऊन आली आमच्या ऑफिसातली मॅडम. मी मोहाडीले क्लार्क, ती माह्यावर सीनियर. रोज आम्ही सोबत डब्बा खात होतो. तिच्या पोरीचा साखरपुडा होता. "साऱ्या जणी जेल करून राहिल्या, तूही कर. फोटोत हात दिसतात," म्हणे. मले माह्या हातांची लाज वाटे, खोटं कायले बोलू. माह्या गावी, करडीले, धानाच्या बांध्यांत रोवणी केलेले हात. तो चिखल नखात असा बसते की निंबू घासा, साबण घासा, जात नाही. अंगठ्याचं नख विळा लागल्यापासून वाकडंच. ऑफिसात चहाचा कप धरतानाही मी बोटं दुमडून घेत होती. म्हटलं, एकदा आपलेही हात मॅडमसारखे दिसू दे. एवढीच हौस होती, बापा.

डावा हात होईपर्यंत पार्लरवाली गोड बोलत होती.

"कोणत्या गावच्या जी ताई?"

"करडीची."

"अगं बाई, माहं माहेर तिकडंच! करडीत घर कोणीकडे?"

आमच्याकडे जात कोणी तोंडानं विचारत नाही. घर कोणीकडे, ते विचारतात. गावाची कोणती बाजू कोणाची, हे साऱ्यांना पाठ असते. मॅडमलेही ठाऊक होतं हे. मी तोंड उघडायच्या आत ती हसून म्हणाली,

"अवो, आपल्यातल्याच समजा."

समजा! म्हणजे नाही, पण चालवून घ्या. माह्या डोक्यात सणक गेली. माह्या आजीनं दीक्षा घेतली, तेव्हापासून आमच्या घरात कोणी मान खाली घालून पत्ता सांगतला नाही. अन् ही बाई मले पदराखाली लपवून राहिली. तेही माह्यावर उपकार केल्यासारखी.

"समजू नका जी," मी म्हटलं. "विहाराच्या मागं घर आहे. बौद्ध आहो आम्ही."

पार्लरवालीचे हात थांबले. "असं का," म्हणे. बस, एवढंच. मंग ती उठली, डेटॉल आणलं, मशीन आतून पुसली, बाहेरून पुसली. माह्या मनगटाखालचा पांढरा टॉवेल ओढून घेतला अन् जुना पेपर अंथरला. अन् मंग म्हणाली, मशीन गरम झाली.

मी पेटीले हात लावून पाहिला. थंडगार.

"गरम असन तं मॅडमलेही साधीच लावा," मी बोलली.

"माह्या पोरीचा साखरपुडा आहे, मले कायले साधी?" मॅडम म्हणाली. अन् खुर्ची ओढून बसली. तिच्या नखांले जेल लागली. तिचा हात पेटीत गेला. निळा उजेड झपकन लागला. मी उभी राहून पाहत होती. दोघीपैकी एकीनंही माह्याकडे मान वर करून पाहिलं नाही.

मी चप्पल घातली अन् निघाली. मॅडम पायरीवर धावत आली, बोटं हवेत धरून.

"तुले कायले सांगाचं होतं? मी सांभाळून घेतलं होतं ना! रोज आमच्या डब्ब्यात हात घालतं तू, मी कधी काही म्हटलं?"

रोज. म्हणजे रोज पाहत होती ती. मी भाजी घेत होती, हसत होती, समजत होती की आपण मैत्रिणी आहो. अन् ती मले चालवून घेऊन राहिली होती. पार्लरवालीचा आला नाही एवढा राग मले हिचा आला. रडूही आलं, रागाचंच. सरळ एस.टी. स्टँड गाठला.

घरी ब्लेडनं खरडाले बसली. निघते कुठं! नखाची सालपटं निघाली, रंग तसाच. माय म्हणाली, "एकाच हाताले कायले लावलं वो?" सारं सांगतलं. मायनं माहा हात हातात घेऊन पाहिला. मंग म्हणाली, "तं नखावर कायले राग काढून राहिली? नखानं काय केलं?"

ब्लेड ठेवून दिलं. साखरपुड्याले गेली नाही. सोमवारी तशीच ऑफिसात गेली, एक हात रंगलेला, एक रिकामा. ज्यानं विचारलं त्याले सांगतलं. शिपायाले सांगतलं, साहेबाले सांगतलं. कोणी हसलं. कोणी म्हणालं, एवढं मनावर कायले घेतं. मी दुसऱ्या दिवशीही सांगतलं. बोटं दुमडली नाही.

दोन-चार दिवसांनी मॅडम टेबलाजवळ आली. आवाज बारीक करून म्हणाली, "बोलली मी तिच्याशी. तुह्या घरी येऊन दुसरा हात करून देते म्हणते. फक्त दुकानात नको. गिऱ्हाईक असतात ना."

चेहरा असा, की जसं मले मोठं बक्षीस आणून दिलं.

"तिले सांगा, शनिवारी मीच येते. दुकानातच. गिऱ्हाईक असतात तेव्हाच."

"अन् ती नाही म्हटली तं?"

"तं काहून नाही, ते साऱ्या बायांसमोर तोंडानं सांगन. गरम झाली, बिघडली, मी ऐकणार नाही. खरं कारण तिच्या तोंडून निघेपर्यंत मी खुर्चीवरून उठत नाही. अन् निघालं, की तिथून सरळ पोलीस स्टेशनात जाते. तुम्ही सोबत होत्या, तुमचंही नाव सांगीन."

मॅडमचा चेहरा उतरला. उतरू दे. शनिवारी जाऊन राहिली मी.