तापलेला कॉम्प्युटर आणि अव्वल कारकून

कॉम्प्युटरच्या डब्यावर उलटा हात ठेवायचा, डोळे मिटायचे, थोडं थांबायचं आणि म्हणायचं, "ताप आहे." लेकराच्या कपाळाला हात लावतात तसा. मग डोळे उघडून माझ्याकडे पाहायचं. "लय नाही. पण आहे."

हे गृहस्थ कलेक्टर कचेरीतून अव्वल कारकून म्हणून रिटायर झालेले. मी भंडाऱ्याजवळ शहापूरला हायवेवर कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान चालवतो. दुकानामागच्या गल्लीत, राइस मिलच्या भिंतीला लागून त्यांचं घर. या धंद्यात मी नमुने भरपूर पाहिले. माउस नळाखाली धुणारे पाहिले, प्रिंटरला शिलाई मशीनचं तेल पाजणारे पाहिले. पण या माणसाची सर कोणालाच नाही. आता ते नाहीत. गेलेल्याबद्दल वाईट बोलू नये म्हणतात. मी बोलणार आहे. ते होते तेव्हा तोंडानं "साहेब, साहेब" करत मनात मी जे जे बोललो, ते आतल्या आत राहिलंय.

भंडारा जिल्ह्याचे दोन तुकडे होऊन गोंदिया वेगळं झालं, त्याला तेव्हा सात-आठ वर्षं झाली असतील. तोवर तयार कॉम्प्युटर आमच्याकडे मिळायला लागले होते. माझ्याच दुकानात मिळत होते. पण साहेबांना तयार माल चालत नव्हता. त्यांनी नागपूरला चार खेपा मारून एकेक पार्ट आणला, माहितीपुस्तक पुढ्यात उघडं ठेवलं आणि पलंगावर मांडी घालून स्वतः कॉम्प्युटर जोडला. जोडून झाल्यावर मला बोलावलं. विचारायला नाही हं, दाखवायला. डब्याला चार पंखे, आणि चारही पंखे हवा आत ओढणारे.

"साहेब, चारही पंखे हवा आतच घेऊन राहिले," मी म्हटलं.

"मंग? गरम होते तर हवा आतच पाठवावी लागन ना."

"अन् निघन कुठून?"

"फटीतून. हवेले रस्ता दाखवावा लागत नाही, बाबू."

मी दोन पंखे उलटे करायला स्क्रू ड्रायव्हर काढला, तर त्यांनी माझं मनगट धरलं. "जिल्हा फुटला तेव्हा कोणती फाईल गोंदियाले जाईन अन् कोणती भंडाऱ्याले राहीन, हे ठरवणारा माणूस मी आहे. तू मले पंखे शिकवून राहिला?"

जिल्हा वाटला म्हणून वाराही यांच्या सहीनं वाहायचा की काय? मी चहा प्यायलो आणि उठलो.

उठलो म्हणजे सोफ्यावरून सुटलो. कारण त्या घरातल्या प्रत्येक वस्तूवर तिचं पहिल्या दिवसाचं प्लास्टिक तसंच होतं. सोफ्यावर होतं, रिमोटवर होतं, स्कूटरच्या सीटवर होतं, फ्रिजच्या मुठीवर होतं. भिंतीवरच्या घड्याळाच्या काचेवरची पातळ फिल्मसुद्धा त्यांनी काढलेली नव्हती. तिच्या कडा पिवळ्या पडून वर आल्या होत्या आणि वेळ पाहायला जवळ जावं लागायचं. उन्हाळ्यात सोफ्यावर बसलं की पाठ चिकटायची. काकूंना, म्हणजे त्यांच्या बायकोला, एकदा मी विचारलं, हे काढत का नाही? काकूंनी नुसतं आतल्या खोलीकडे बोट दाखवलं. "प्लास्टिक काढलं की वस्तू जुनी होते," आतून साहेबांचा आवाज आला.

मार्च संपला आणि कॉम्प्युटर बंद पडायला लागला. अर्धा तास चालायचा की टक्, बंद. प्रोसेसर तापला की मशीन स्वतःला वाचवण्यासाठी बंद होते, एवढं साधं आहे ते. साहेबांनी डब्यावर ओला रुमाल ठेवला. घडी घालून, दर दहा मिनिटांनी बदलून! विजेच्या वस्तूवर ओला रुमाल! मी ओरडलो तेव्हा काढला. एप्रिलमध्ये त्यांनी खोलीतला मोठा कूलर, गवताच्या ताट्यांतून पाणी गळणारा, ओढत आणून थेट डब्याच्या तोंडाशी लावला. आठवडाभरानं मी झाकण उघडलं तर स्क्रूंना गंज, आणि मिलमधून उडणारी धानाची धूळ आत ओली होऊन पंख्यांच्या पात्यांवर थापल्यासारखी बसलेली.

"साहेब, हे काय करून ठेवलं?"

"थंड तर आहे ना?"

मी ब्लोअर मारायचो, ब्रशनं पाती साफ करायचो आणि म्हणायचो, धूळ आहे साहेब. तीन-चार दिवस चालायचं, पुन्हा बोलावणं. दुखणं प्रोसेसरपाशी असणार हे मला कळत होतं. त्याच्या डोक्यावर उष्णता ओढून घेणारा ॲल्युमिनियमचा ठोकळा बसवलेला असतो, हीट सिंक म्हणतात त्याला. तो एकदा काढून पाहायला पाहिजे होता. पण तिकडे हात गेला की साहेब म्हणायचे, "त्याले हात लावू नको. ते मी बसवलं आहे." मी म्हणायचो, नको तर नको. दोन मिनिटं भांडून मी तो काढू शकलो असतो. पण त्या माणसाशी भांडण्यापेक्षा त्याला हसणं सोपं होतं, आणि मला ते आवडायलाही लागलं होतं. चहाच्या टपरीवर रोज एक नवा किस्सा मिळायचा.

एवढं करून त्या कॉम्प्युटरवर ते काय करत होते? तर पवनीकडच्या त्यांच्या गावातली जी माणसं छप्पन साली नागपूरला जाऊन बौद्ध झाली, त्यांच्या आठवणी टाइप करत होते. म्हातारी माणसं. त्यातली बरीच गेलेली, उरलेली जायला टेकलेली. साहेब स्कूटरवरून एकेकाला घरी आणायचे, काकू जेवू घालायच्या, मग त्या माणसाला प्लास्टिकच्या सोफ्यावर बसवायचं. तो बोलणार आणि साहेब एका बोटानं टाइप करणार.

"कागदावर लिहून घ्या ना साहेब. मंग आरामात टाइप करा," मी म्हणालो होतो.

"दोनदा लिहिलं की दुसऱ्यांदा आपण सुधारतो. मले सुधारलेलं नाही पाहिजे. जसं बोलले तसं पाहिजे."

बरं, मग निदान दर दोन ओळींनी सेव्ह करा. तर तेही नाही! पान पूर्ण भरल्याशिवाय सेव्ह करायचं नाही. "अर्ध्या पानावर सही करत नसतात." आख्खी नोकरी त्यांनी अर्ध्या पानावर सही केली नव्हती, आणि सेव्ह करणं म्हणजे त्यांच्या लेखी सहीच. मशीन बंद पडली की भरत आलेलं पान गेलं. समोरचा म्हातारा बिचारा पुन्हा पहिल्यापासून सुरू करायचा.

मला त्या आठवणींचं काही नव्हतं. खरं तेच सांगतो. आम्ही धान पिकवणारे, आमच्या घरात छप्पन सालाबद्दल कोणी चांगलं बोललं नाही, वाईटही बोललं नाही. त्यांच्या लोकांचं ते, आपल्याला काय, एवढंच. तोंडानं मी कधी असं म्हटलं नाही, पण मनात होतं.

मे महिन्यात एक दिवस साहेबांचा सकाळीच फोन. "दुकान बंद करून ये. आज मशीन बंद पडली नाही पाहिजे. म्हातारी आली आहे."

ही म्हातारी त्यांच्या गावातली. नवी नवरी असताना घरच्यांबरोबर बैलगाडीनं नागपूरला गेलेली. त्या गाडीतली बाकीची सगळी माणसं मरून गेली होती, ही एकटी उरली होती. पांढरं स्वच्छ लुगडं, पाय सोफ्यावर न घेता खाली सोडलेले. मी डब्याचं झाकण उघडून, ब्रश घेऊन शेजारी जमिनीवर बसलो. डॉक्टर जवळ बसवून ठेवतात तसं मला बसवलं होतं.

म्हातारी बोलायला लागली. साहेब टाइप करायला लागले. आणि काय ते टाइप करणं! बोट वर धरायचं, कीबोर्डभर फिरवायचं, अक्षर सापडलं की दणकन मारायचं. एक 'ळ' शोधायला पाऊण मिनिट. "थांब माय, थांब," म्हणायचे. म्हातारी थांबायची, आपल्या पायांकडे पाहत बसायची आणि ते "हं" म्हणाले की पुढे बोलायची. त्यांच्या मानेवरून घामाची धार बनियनमध्ये जात होती. खुर्चीच्या सीटवरचं प्लास्टिक ते हलले की कुरकुरत होतं. मी मनात म्हणत होतो, हा माणूस मेल्यावरही याचं पान भरणार नाही. टपरीवर हे कसं सांगायचं याची मी तयारी करत होतो. ते बोट कसं फिरतं याची नक्कल मी मांडीवर करूनही पाहिली.

"गाडीत कोण कोण होते, नावं सांग. एकेक," साहेब म्हणाले. म्हातारीनं बोटावर मोजत नावं सांगितली. पुढं आणखी काही सांगितलं. आणि टक्.

स्क्रीन काळी झाली. साहेबांचं बोट तसंच वर राहिलं.

"काय झालं, बापू?" म्हातारीनं विचारलं.

"गेलं, माय."

"कुठं गेलं?"

साहेबांनी बोट खाली घेतलं. मग म्हणाले, "पुन्हा सांगशीन का?"

"आज नाही, बापू. मी थकली. येजो न्यायले, मंग सांगतो."

ते तिला स्कूटरवर बसवून गावी सोडायला गेले. मला एवढा संताप आला होता की मी कोणाला विचारलं नाही. चारही खुंट्या फिरवल्या आणि हीट सिंक उपटून काढला. बुडाला चमकदार तांब्याची चकती असते, ती प्रोसेसरला चिकटून बसली पाहिजे. त्या चकतीवर पारदर्शक प्लास्टिक होतं. नवीन घेताना असतं ते. त्यावर लाल अक्षरात लिहिलेलंही होतं की बसवण्याआधी काढा. साहेबांनी त्या प्लास्टिकवर उष्णता वाहून नेणारी पेस्ट लावून, व्यवस्थित दाबून हीट सिंक बसवला होता. सगळा उन्हाळा मशीन त्या प्लास्टिकनं भाजून निघत होती.

ते परत आले तेव्हा मी ते प्लास्टिक त्यांच्या नाकासमोर धरलं आणि हसलो. चांगला जोरात हसलो. काकू दारात उभ्या होत्या, तरी हसलो. साहेबांनी ते दोन बोटांत घेतलं, उजेडाला धरून पाहिलं. "नवीन होतं," एवढंच म्हणाले.

मी नवी पेस्ट लावून हीट सिंक पुन्हा बसवला, दोन पंखे उलटे केले. त्यांनी अडवलं नाही. त्या दिवसापासून मशीन एकदाही बंद पडली नाही. भर मे महिन्यात दुपारभर चालली. आणि संध्याकाळी टपरीवर मी तो किस्सा असा रंगवला की लोक पोट धरून हसले. आठवडाभर रोज कोणीतरी म्हणायचं, सांग ना यार, ते प्लास्टिकवालं.

पंधरा दिवसांनी साहेब दुकानात आले. चालत आले, डोक्याला रुमाल बांधून. मला वाटलं, टपरीवरचं कानावर गेलं असणार, आता भांडतील. मी उत्तर तयार ठेवलं.

त्यांनी खिशातून घडी केलेला कागद काढला आणि काउंटरवर पसरला. एकाखाली एक, एक ते आठ आकडे. सहापर्यंत नावं, त्यांच्या सुवाच्य कारकुनी अक्षरात. सातपुढे काही नाही. आठपुढे काही नाही.

"म्हातारी गेली," ते म्हणाले. "मी परवा न्यायले गेलो होतो. तिसरा दिवस होता."

मी "अरेरे" म्हटलं. म्हणतात तसं.

"बाकी तिचं बोलणं मले ध्यानात आहे, ते मी भरलं. गाडीत आठ जण होते. सहा नावं आहेत. दोन नाही आठवून राहिले. मी अक्षर शोधत होतो ना त्या टायमाले. बोट तिकडं, अन् कान राहून गेला. तिच्या पोराले विचारलं, गावात घरोघरी विचारलं. कोणाले माहीत नाही." त्यांनी पेनाचं टोपण काढलं आणि पेन कागदावर, माझ्या बाजूला ठेवलं. "तू होता तिथं."

इतक्या महिन्यांत त्यांनी मला पहिल्यांदा काही विचारलं होतं.

मी डोळे मिटले. खरंच प्रयत्न केला. म्हातारीचा आवाज आठवत होता, थोडा घोगरा. एक नाव घेताना ती हसली होती, हेही आठवलं. कोणतं नाव, का हसली, काही नाही. त्या नावांच्या वेळी साहेबांचं बोट कुठल्या अक्षरावर अडलं होतं ते मी सांगू शकलो असतो. बनियनला काखेत भोक होतं तेही सांगू शकलो असतो.

"साहेब, माझं ध्यान नव्हतं," मी म्हटलं.

"मंग कुठं होतं?"

टोमणा नव्हता त्यात. त्यांना खरंच कळत नव्हतं, की खोलीत ती बाई बोलत असताना माणसाचं ध्यान दुसरीकडे कुठं जाऊ शकतं. मला लाज वाटली. फार लाज वाटली. मी मोबाइल रिचार्जची वही उघडून पानं चाळायला लागलो.

तेवढ्यात एक गिऱ्हाईक आलं. साहेब त्याला जागा द्यायला बाजूला सरकले, भिंतीला टेकून उभे राहिले. गिऱ्हाईक गेल्यावर पुन्हा काउंटरपाशी आले, तो कागद माझ्याकडे सरकवला आणि म्हणाले, "घाई नाही. ठेव तुह्यापाशी. आठवलं की लिहिजो."

दिवाळीनंतर ते गेले. मी मयतीला गेलो, तिसऱ्या दिवशीही गेलो. कागद दोन्ही वेळा खिशात होता. काकूंना तो द्यायची माझी हिंमत झाली नाही, कारण त्यांनी विचारलं असतं, आठवलं का?