धाकट्याच्या विमानाची अँटेना

माझा धाकटा भाऊ यवतला उसाच्या ट्रॉल्या बनवतो. त्याच शेडमध्ये त्याने दोन माणसे बसतील असे एक विमान बनवले. घरी जमलेल्या पाहुण्यांसमोर मी त्या विमानाला पंख लावलेली ट्रॉली म्हटले, तेव्हापासून त्याने माझ्याशी बोलणे सोडले. मीही सोडले. शब्द मागे घ्यावा असे मला तेव्हा वाटले नाही, आजही वाटत नाही.

आमच्याकडे अबोला म्हणजे येणे-जाणे बंद, असे नसते. लग्नाला, दहाव्याला समोरासमोर बसायचे, एकाच तबकातली सुपारी उचलायची आणि बोलायचे ते तिसऱ्या माणसामार्फत. आमच्यात ते काम भावजयीकडे आले. तिने ते कधी नाकारले नाही आणि त्यात कधी गोडवाही घातला नाही.

गेल्या हिवाळ्यात मांडवगणला माझ्या घरी तिचा फोन आला.

"आप्पा, इमानाचा रेडू आडलाय. ह्यांनी इचार म्हनून सांगितलेलं न्हाई. मीच इचारतीय."

मागून त्याचा आवाज आला. "म्हनावं, यायचं आसंल तर सकाळचं या. दुपारी वेल्डिंग आसतं."

माझी सारी नोकरी सैन्यात रेडिओ दुरुस्त करण्यात गेली. विमानाबद्दल मला ममत्व नव्हते. पण चुकीच्या जागी लावलेली अँटेना मला सहन होत नाही. मी गेलो.

अडचण अशी होती. विमान पहिल्यांदा उडवायला पुण्याचा एक निवृत्त वैमानिक तयार झाला होता. त्याची अट एकच : विमान जमिनीवर चारी दिशांना वळवून रेडिओवरून बोलायचे, आणि चारीही वेळा लांब उभ्या माणसाला ते स्पष्ट ऐकू आले पाहिजे. नाही आले, तर तो विमानात बसणार नव्हता आणि दुसरा वैमानिक मिळणार नव्हता.

शेडमध्ये पाहिले. पोलादी नळ्यांचा सांगाडा, त्यावर ताणलेले कापड. वेल्डिंग निर्दोष होते. ते मी बोललो नाही. अँटेना म्हणजे हातभर लांबीची सळई. ती त्याने केबिनच्या छतावर, अगदी पुढे ठोकली होती. ट्रॅक्टरवर झेंडा लावतात तिथे.

"त्याला विचार, इथे का?" मी भावजयीला म्हणालो.

तो हातभर अंतरावर होता. "म्हनावं, जेवढी उच्ची तेवढं लांब जातं. त्यात काय इचारायचं?"

"त्याला सांग, हा गावचा भोंगा नाही. सळईच्या पायाखाली तिच्या लांबीएवढा चारी बाजूंनी पसरलेला पत्रा लागतो. इथे खाली कापड आहे. शिवाय इंजिन शेजारी, त्याची सगळी कटकट रेडिओत येणार. ही पोटाखाली लाव. उडाल्यावर ऐकणारा खालीच असतो."

"म्हनावं, वाकून बगा की जरा."

मी वाकलो नाही. वाकण्याची गरज नव्हती. विमानाचे शेपूट जमिनीला टेकलेले होते. पोट आणि जमीन यांत जेमतेम दोन विती जागा होती, आणि तिथूनच सायलेन्सर बाहेर येत होता.

"खाली मुरूम हाय," तो बायकोला सांगत होता. "चाकानं खडा उडला की पैल्याच दिशी मोडंल. मग हेच म्हनत्याल, ट्रॉलीवाल्याला कळत न्हाई."

त्याचे म्हणणे बरोबर होते. मी जागा बदलली. "त्याला सांग, पाठीवर. केबिनच्या मागे, शेपटाच्या अलीकडे. कापडाखाली अॅल्युमिनियमचा पत्रा बसवायचा, नळ्यांना घट्ट. अँटेना त्यावर."

तो पत्रा कापायला लागला.

पत्रा बसल्यावर, अँटेनाचा पाय जिथे टेकणार होता ती जागा मी कानशीने घासून चकचकीत केली. तिथे धातूला धातू भिडला पाहिजे. नाहीतर सळई आणि पत्रा एकमेकांना परकेच राहतात. भावजयीला बजावले, "त्याला सांग, ही जागा अशीच उघडी ठेवायची." तिने सांगितले. त्याने मान हलवली. मी चहा न घेता निघालो.

चाचणी दौंडकडच्या एका माळावरल्या खासगी धावपट्टीवर ठरली. वैमानिक आणि भाऊ विमानात बसले. धावपट्टीच्या दुसऱ्या टोकाला बाभळीखाली मी, हातात ऐकण्यापुरता छोटा रेडिओ, शेजारी भावजय. भावाने माइकवर एक ते दहा अंक म्हणायचे, आणि स्पष्ट ऐकू आले की मी उपरणे वर करायचे, असे ठरले होते.

शेपूट माझ्याकडे असताना अंक तुटक आले. विमान आडवे झाल्यावर चार-पाच आले. तोंड माझ्याकडे झाल्यावर नुसती इंजिनची टकटक आली. मी उपरणे खांद्यावरून काढले नाही.

इंजिन बंद झाले. भाऊ उतरून तरातरा चालत आला आणि बायकोसमोर उभा राहिला.

"म्हनावं, कानं गेल्यात का मुद्दाम चाललंय?"

"त्याला सांग, कान शाबूत आहेत."

"मग आकस हाय. ट्रॉली उडली तर नाक जातंय ना."

मागून वैमानिक आला. "भांडण घरी करा. ऐकू आलं नसेल तर मी गाडी काढतो."

मी रेडिओ भावजयीच्या हातात दिला आणि विमानाकडे गेलो. पाठीवरचे कापड उलगडून अँटेनाचे नट काढले. खाली गंजरोधक रेड ऑक्साइड होते. तांबडे, दाट, दोन हातांचे. वर रबरी वॉशर, नीट कापून बसवलेले.

ट्रॉली बनवणारा माणूस धातू उघडा ठेवत नाही. उसाचा रस लागला की पत्रा खाल्ला जातो, म्हणून जोड बसवण्याआधी रंग, आणि खडखडू नये म्हणून रबर. हा त्याच्या हाताचा नियम होता. मी घासलेली जागा त्याने रात्र उलटायच्या आत रंगवली होती.

"त्याला विचार, हे कुणी केलं?"

"उगडा पत्रा ठिवायचा म्हंजी काय," तो म्हणाला. पण आवाज उतरला होता.

मी कानस मागितली. त्याने ती स्वतः आणून दिली. माझ्या हातात नाही, पंखावर ठेवली. मी रंग खरवडला, वॉशर माळावर फेकले, नट आवळले. भाऊ ते वेचून खिशात घालत होता.

पुन्हा बाभळीखाली आलो. शेपटाकडून दहाही अंक आले. उपरणे वर केले. दोन्ही बाजूंनी आले. तोंड माझ्याकडे झाले आणि अंक संपल्यावर, अबोला धरल्यापासून पहिल्यांदा, तो मधे कुणालाही न घेता बोलला : "आता तरी उचला ते उपरणं."

मी ते आधीच उचललेले होते.

वैमानिक एकटाच उडाला. विमान माळ सोडून भीमेच्या बाजूला गेले, मग दिसेनासे झाले. माझ्या हातातल्या रेडिओतून त्याचे बोलणे येत राहिले : सगळे ठीक आहे, वळतो आहे. भाऊ लांब उभा होता. तेवढ्या अंतरावरून ते ऐकू येत नव्हते. तो थोडा जवळ आला. मग आणखी जवळ आला. अखेर त्याचा खांदा माझ्या खांद्याला लागला.

"त्यांना म्हनावं," तो बायकोला म्हणाला, "आवाज वाढवा."

भावजयीने तोंड उघडण्याआधी मी तो वाढवला.