गाडी दारासमोर उभी केली

ते प्रकरण आजही डोक्यातून जात नाही. खरं सांगायचं तर जावं म्हणून मी बरेच प्रयत्न केले. नोकरीत खून पाहिले, दरोडे पाहिले, विहिरीतून प्रेतं काढली. आठवणी सांगा म्हणणाऱ्यांना तसलंच काहीतरी हवं असतं. या प्रकरणात त्यातलं काही नाही, साधा गुन्हासुद्धा दाखल झाला नाही. एक निनावी अर्ज आला, आम्ही चौकशी केली आणि एका बाईची राहती खोली जायची वेळ आली.

बुलढाणा जिल्ह्यातलं, घाटावरचं एक तालुक्याचं गाव. तिथे मी ठाणेदार होतो. माझी बदली झाली की नव्या गावात क्वार्टर तयार असायचं. भिंतीला ओल असो, खिडकीला काच नसो, पण किल्ली मिळायची. त्यामुळे खोली शोधत दारोदार फिरणं म्हणजे काय, हे मला कळण्याचं कारण नव्हतं.

संक्रांत होऊन गेली होती. डाकेतून एक अर्ज आला, खाली सही नाही. अमुक पेठेत भाड्याने राहणारी बाई नशेच्या गोळ्या विकते. माल मागच्या खोलीतल्या लोखंडी पेटीत असतो. सोमवारी दुपारी, पुढच्या आठवड्यात बुधवारी आणि त्याच्या पुढच्या आठवड्यात शुक्रवारी परकी माणसं घरात शिरताना पाहिली आहेत. मोहल्ल्यातल्या लेकीसुनांचा विचार करून कारवाई व्हावी. आणि शेवटी, प्रत माहितीसाठी पोलीस अधीक्षकांकडे.

या शेवटच्या ओळीत खरी गोम असते. नुसता अर्ज आला तर आपण सवडीने पाहतो. वर प्रत गेली की दोन दिवसांत कागद येतो, चौकशी करून अहवाल सादर करावा. तसा तो आला. मी स्टेशन डायरीला नोंद केली, दोन पंच आणि एक महिला शिपाई बरोबर घेतली आणि सकाळी दहाला जीप थेट त्या घरासमोर नेऊन उभी केली. पद्धतच ती होती, कुणी वेगळं शिकवलंच नव्हतं.

गल्ली अरुंद, जीपने अर्धी अडली. समोरच्या ओट्यावर तुरीच्या शेंगा सोलत बसलेल्या दोन बाया हात थांबवून बघायला लागल्या. दार उघडलं ते एका चाळिशीच्या बाईने. अंगावर नर्सची साडी, बाहेर पडायच्या तयारीत. पाच-सहा कोसांवरच्या गावात आरोग्य उपकेंद्रात ती नोकरीला होती. नवरा अपघातात गेलेला. उपकेंद्राच्या क्वार्टरचं छत एका पावसाळ्यात खाली आलं, तेव्हापासून मुलीला घेऊन ती तालुक्याला भाड्याने राहत होती. मुलगी दहावीत.

मुलगी पुढच्या खोलीतच होती. दोन डब्यांवर फळी टाकून तिने टेबल केलं होतं आणि शेजारी दोरी बांधलेलं पुठ्ठ्याचं मोठं खोकं. भूगोलाचं पुस्तक वाचत होती. आम्हाला पाहिल्यावर तिने पुस्तक मिटलं, खोक्यात ठेवलं आणि दोरी पुन्हा बांधायला घेतली. मला वाटलं, पोरगी घाबरली.

पेटी मागच्या खोलीत होती, अर्जात लिहिल्याप्रमाणेच. उघडली. लोहाच्या गोळ्या, जुलाबाची पाकिटं, पाळणा लांबवायच्या गोळ्या, गरोदर बायांचं रजिस्टर. सगळं सरकारी, सगळ्यावर शिक्के. महिला शिपाई एकेक पाकीट वर काढून नाव वाचत होती आणि ती बाई मुलीसमोर मान खाली घालून उभी होती. पंचांपैकी एक जण उगाच हसला. त्याला मी तिथेच झापलं, पण झापून काय होणार? व्हायचं ते होऊन गेलं होतं.

"माफ करा सिस्टर, तक्रार होती म्हणून यावं लागलं," मी म्हणालो.

तिने रजिस्टर उचलून पेटीत ठेवलं. मुलगी आईला हळूच म्हणाली, "आई, आता परत सामान बांधा लागन का?"

मी ते ऐकलं आणि बाहेर पडलो. ठाण्यात येऊन अहवाल लिहिला, 'अर्जात तथ्य आढळून आले नाही.' सही केली, शिक्का मारला, पाठवून दिला. माझ्या लेखी विषय संपला.

चौथ्या दिवशी बाई ठाण्यात आली. ठाणे अंमलदाराने बस म्हटलं तरी बसली नाही.

"साहेब, तुमचा अहवाल गेला का?"

"गेला. काही नाही निघालं असंच लिहिलंय. काळजी करू नका."

"तुमचा अहवाल गेला अन् माझी खोलीबी गेली. घरमालकानं सांगतलं, महिनाअखेर खाली करा. पोलीस आले दारात, आमची इज्जत आहे म्हने." ती एका दमात बोलत होती. "नववीपासून ही चौथी खोली आहे साहेब. कधी मालकाच्या घरी पाहुणे येऊन राह्यले, कधी पोराचं लगन. दीड महिन्यावर पोरीची परीक्षा आहे. ती पुस्तकं खोक्याबाहेर काढत नाही. म्हनते, काढून काय करू, परत भराच लागते. मले लिहून द्या, या बाईच्या घरात काही सापडलं नाही म्हनून. तो कागद मी दारावर चिकटवतो."

मी म्हणालो, "सिस्टर, असं लिहून द्यायची आमच्यात पद्धत नाही."

"गाडी उभी करायची पद्धत आहे, अन् लिहून द्यायची नाही?"

तोंडात मारल्यासारखं झालं. एरवी माझ्या ठाण्यात असं कुणी बोललं असतं तर मी आवाज चढवला असता. त्या दिवशी मी शिपायाला तिच्यासाठी पाणी आणायला सांगितलं. ती गेली तेव्हा टेबलावर पाण्याचा ग्लास तसाच भरलेला होता.

मी अर्ज पुन्हा बाहेर काढला. आमचे एक हवालदार होते, निवृत्तीला आलेले, जन्म त्याच गावात गेलेला. त्यांना म्हटलं, वाचा जरा. त्यांनी चष्मा पुसला, दोनदा वाचलं, बोटांवर काहीतरी मोजलं.

"साहेब, सोमवार, मंग बुधवार, मंग शुक्रवार. दर नवव्या दिवशी."

"मग?"

"त्या पेठेत नवव्या दिवशी नळ येते. हे नळाचे दिवस हायेत."

आमच्या भागात पाणी रोज येत नाही, हे बाहेरच्या वाचकाला सांगायला हवं. नळ आठ-नऊ दिवसांनी येतो आणि आला की दोन तास सगळं गाव हातातलं काम टाकून पाणी भरतं. त्या दिवशी ती नर्सबाईसुद्धा ड्युटी बदलून घरी थांबायची. गल्लीतली झाडून सगळी माणसं बादल्या घेऊन दारात. अशा वेळी परकी माणसं घरात शिरली असती तर दहा जणांनी पाहिली असती. हवालदारांनी साध्या कपड्यांत जाऊन विचारून घेतलं. कुणी काहीच पाहिलं नव्हतं.

म्हणजे माणसं खोटी होती, पण दिवस खरे होते. माझा अनुभव असा आहे की खोटं लिहिणारा माणूस गोष्ट रचतो, मात्र दिवस आणि जागा त्याच्या स्वतःच्या असतात. नळाच्या दिवशीच त्या गल्लीत येणारा आणि मागच्या खोलीतली पेटी ठाऊक असलेला माणूस मला हवा होता. ती खोली रस्त्यावरून दिसत नव्हती.

"घरमालक गावाबाहेर नव्या लेआउटमध्ये राह्यतो," हवालदार म्हणाले. "नळाच्या दिवशी तेवढा येते, त्या घराची टाकी भराले."

दुसऱ्या दिवशी घरमालकाला बोलावलं. साठीचा माणूस, स्वच्छ धोतर, कपाळावर गंध, गावात मान. मी दम दिला नाही. चहा मागवला आणि पाण्याचाच विषय काढला. पाणी म्हटलं की आमच्याकडचा माणूस मोकळा होतो.

"काय हो, टाकी भरते का पुरेशी?"

"कायची भरते साहेब! मोटर लावली तवा कुठं अर्धी होते. अन् कॉक बसवला मिस्तरीनं मागच्या खोलीत. दर बारीले आत जा लागते."

"मग भाडेकरूंचं सामान आडवं येत असेल."

"हाव नं! ते लोखंडाची पेटी हाये नं त्यायची, ते सरकवा लागते, मंग कुठं..."

तिथे तो थांबला.  मी अर्ज त्याच्यासमोर सरकवला. चहावर साय धरली तरी त्याचा हात कपाला लागेना.

शेवटी तो म्हणाला, "बाई वाईट नाही साहेब. पोरगी तं लय गुनाची. म्या सवताच्या हातानं बोरं नेऊन देल्ली तिले."

"मग?"

"आडनावावरून वाटलं आपल्यातलेच असतीन. मंग एक डाव नळाले गेलो तं भितीवर बुद्धाची तसबीर दिसली." त्याने आवाज खाली आणला. "मले काही नाही हो त्याचं. पन घरचे, शेजारचे... लोकं काय म्हनतीन?"

"मग तोंडावर सांगायचं होतं, तुमच्या जातीमुळे खोली देत नाही म्हणून."

"कसं सांगता साहेब? उद्या केस झाली तं?"

"म्हणून आम्हाला पाठवलंत?"

तो खाली बघत म्हणाला, "तुमी एकडाव दारात आले की भाडेकरू आपोआप खोली खाली करते. मले काही बोलायचं कामच नाही."

त्याच्या कानाखाली जाळ काढावा असा संताप आला. हात टेबलावरच राहिला, कारण तो खोटं बोलत नव्हता. आमच्या गाडीचा उपयोग त्याला आमच्याहून चांगला कळला होता. त्याने फक्त एक पाकीट डाकेत टाकलं, बाकी सगळं मी केलं. डायरीतल्या नोंदीसकट.

बाईला बोलावून सगळं सांगितलं. खोटी माहिती दिल्याबद्दल कारवाई होऊ शकते, जातीवरून घर नाकारलं म्हणून गुन्हा दाखल होऊ शकतो, मी स्वतः पाठीशी उभा राहीन. तिने शांतपणे ऐकून घेतलं. चेहऱ्यावर ना राग, ना आश्चर्य. तसबिरीचं ऐकून एवढंच म्हणाली, "मले वाटलंच होतं. पोरीनं हौसेनं लावली. म्या म्हटलं होतं, परीक्षा होऊ दे."

"फिर्याद देता?"

"केस किती वर्षं चालन साहेब?"

"सांगता येत नाही," मी म्हणालो.

"अन् केस केलेल्या बाईले या गावात खोली कोन देईन? मले न्याय नको, मले मार्चपर्यंत ते खोली पाह्यजे." मग ती म्हणाली, "तुमच्यानं एक होईन का? तशीच गाडी घेऊन या. तशीच दारासमोर उभी करा. फक्त चहा प्याले या."

रविवारी सकाळी मी गेलो. अंगावर पूर्ण गणवेश, जीप तिथेच, अर्धी गल्ली अडवून. बायकोला बरोबर नेलं. बाईने खुर्च्या मुद्दाम बाहेर ओट्यावर मांडल्या होत्या. आम्ही अर्धा तास बसलो. बायकोने समोरच्या बायांना हाक मारून शेंगांचा भाव विचारला, त्याही हळूहळू येऊन टेकल्या. मालकाला मी आधीच निरोप धाडला होता. तोही आला आणि कप हातात धरून सगळ्यांसमोर म्हणाला, "राहा बाई, पेपर होऊ द्या पोरीचे." ठाण्यात घेतलेला त्याचा लेखी जबाब माझ्या ड्रॉवरमध्ये होता, तेव्हा त्या चांगुलपणाचं मला फार कौतुक वाटलं नाही. कायद्याच्या पुस्तकात बसवलं तर मी त्या दिवशी चुकलोच असेन. गुन्हा समोर असून मी चहा प्यालो.

आत, पुढच्या खोलीत, पुठ्ठ्याचं खोकं तसंच होतं, दोरीसकट.

परीक्षा झाली. शेवटचा पेपर झाल्याच्या दुसऱ्या दिवशी मालक गोड बोलून गेला, पुतण्या येऊन राह्यला आहे म्हणून. हे मला पुढे कळलं, आठवड्याभराने मुलगी एकटीच ठाण्यात आली तेव्हा. भाडेकरू माहितीचा फॉर्म घेऊन आली होती. गावाच्या दुसऱ्या टोकाला नवी खोली मिळाली होती.

फॉर्म देऊन ती घुटमळली. मग म्हणाली, "काका, आईनं सांगतलं आहे, तुमी उद्याच चहाले या. गाडी घेऊन. कोनी काही लिहायच्या आधी."

पंधरा-सोळा वर्षांची पोर. निकाल लागायचा होता, आणि नव्या घरात पहिल्या दिवशी काय करावं लागतं हे तिला पाठ झालं होतं. मला रडू आलं म्हटलं तर कुणाला खरं वाटणार नाही. आलं होतं.

मी गेलो. त्या वेळी खोकं रिकामं होतं, पुस्तकं कोनाड्यात उभी लावली होती. तसबीर मात्र भिंतीवर नव्हती. 

त्या प्रकरणानंतर मी एक नियम केला आणि माझ्या हाताखालच्यांनाही लावून दिला. भाडेकरूच्या घरी चौकशी असेल तर गाडी चौकात ठेवायची, साध्या कपड्यांत पायी जायचं आणि आधी अर्जदार कोण असेल ते शोधायचं. काहींनी पाळला, काहींनी नाही. ज्याचं घर स्वतःचं आहे त्याच्या दारात पोलीस आले तर चार दिवस चर्चा होते आणि विरते. भाड्याने राहणाऱ्याचं त्या चार दिवसांत घर जातं. एवढी साधी गोष्ट कळायला मला पंचवीस वर्षं नोकरी करावी लागली.

पावसाळ्याआधी माझी बदली घाटाखाली झाली. तिथेही क्वार्टर तयार होतं, किल्ली शिपायाने हातात आणून दिली. त्या मायलेकींनी पुढे आणखी किती खोल्या बदलल्या आणि तिथे पहिल्या दिवशी चहाला कोण गेलं, ते मला माहीत नाही.