एक टप्पा आधी

माझ्या बापासारखा काटकसरी माणूस मोखाडा तालुक्यात दुसरा झाला नाही. जव्हारात तर होणं शक्यच नाही. तिथले लोक गावाला लागूनच असलेलं शिरपामाळ बघायला निघाले तरी वाटेत वडापाव खातात. बा एका काडीत चूल, दिवा आणि शेजाऱ्याची विडी पेटवायचा आणि उरलेली काडी कान कोरायला ठेवायचा. आमच्या गावच्या, सूर्यमाळच्या उन्हाळ्यात एका हंड्यात आधी तांदूळ धुतले जायचे, मग भांडी, मग आम्ही भावंडं, आणि शेवटी तेच पाणी दुधीच्या वेलाला. आमच्या दुधीला भाताचा वास यायचा, खोटं नाही सांगत.

प्रवासाचे त्याचे नियम दोनच. चालताना चपला हातात धरायच्या. पाय फुकट मिळालेत, चपलांचे तळ विकत घ्यावे लागतात. आणि एसटीचं तिकीट गावाच्या एक टप्पा आधीचं काढायचं, उरलेला डोंगर चालायचा. मी शिकलो, जव्हारला कारकून झालो, पगार घेऊ लागलो, तरी टप्प्यावरच उतरायचो. बा अंगणात उभा राहून लांबूनच बघायचा, पोराच्या हातात चपला आहेत ना.

गेल्या वैशाखात बहिणीचा फोन आला. "दादा, बा आजचा दिवस काढत नाय. सारखा तुला विचारतो. लवकर ये."

कचेरीतून तसाच उठलो, मिळेल ती एसटी धरली. वाटभर एकच घोकत होतो, तो असताना पोहोचू दे. कंडक्टरने विचारलं, "कुठं?" तोंडाने परस्पर टप्प्याचं नाव सांगितलं. टप्पा आला, घंटी वाजली, पायही परस्पर उतरले. गाडी वळणाआड गेली तेव्हा कुठे डोकं जागं झालं.

पळत सुटलो. एरवी सांगितलं असतं, वाऱ्याला मागे टाकलं. पण त्या चढावर दर दहा पावलांना धाप लागत होती आणि मागून एक मोटारसायकलसुद्धा आली नाही.

बहीण दारातच उभी होती.

"गाडी येऊन गेली, दादा. तू नव्हतास."

मी तिच्या खांद्यावरून आत बघू लागलो.

"मी बाला म्हटलं, दादा नाय आला. तर हसला. म्हणाला, 'येतोय गं. टप्प्यावर उतरला असंल. माझाच पोरगा तो.' मग दाराकडे तोंड करून पडून राहिला. आत्ताच गेला."

मी खाली पाहिलं. माझ्या हातात चपला होत्या. कधी काढल्या, ते आजही आठवत नाही.

शेवटच्या वाटेला माणसाबरोबर त्याच्या वस्तू ठेवतात आमच्यात. विळा ठेवला, तंबाखूची डबी ठेवली. खुंटीवरून चपला काढल्या. चौदा वर्षांच्या, तळ अजून कोरे.

"हातातच दे त्याच्या," बहीण म्हणाली. "तशाच नेल्या असत्या त्याने."

मी ऐकलं नाही. त्याच्या पायात घातल्या.