हिरव्या पुस्तकाची शेवटची सोळा पानं

मी न वाचलेल्या पुस्तकाची शिफारस फार चांगली करते.

वाचलेल्या पुस्तकाचं तसं जमत नाही. वाचलं की त्यातलं काय रटाळ होतं, कुठे झोप लागली, हे सगळं आठवतं आणि तोंडातून निघून जातं. न वाचलेल्यात कसं, तारीफ मोकळ्या मनानं करता येते!

पिंप्राळ्यात आमच्या कॉलनीत मला सगळे अक्का म्हणतात आणि फार शिकलेली समजतात. मी शाळेत गेले सातवीपर्यंत. पुढचं सगळं शिक्षण रद्दीच्या गाडीवर झालं. पण दर उन्हाळ्यात, पापड सुरू व्हायच्या आधी, जुन्या कॅलेंडरच्या पाठीमागे मी बायकांसाठी पुस्तकांची यादी करते. जळगावच्या उन्हात दुपारी माणसानं दुसरं करायचं तरी काय? माझे नियम ठरलेले आहेत. एप्रिलात जाड पुस्तक चालतं. मे महिन्यात पातळच हवं, कारण लाइट गेली की त्यानंच वारा घ्यायचा असतो. प्रवासवर्णन असेल तर थंड मुलखाचं. (एकदा वाळवंटाचं सुचवलं, तर शेजारची मंगला दोन दिवस माझ्याशी बोलली नव्हती.)

मागच्या उन्हाळ्यात गाडीवर मला एक हिरवं पुस्तक मिळालं. नुसता हिरवा पुठ्ठा. वरचं कव्हर नाही, पहिलं पान नाही. रद्दीवाल्याला विचारलं, "भाऊ, नाव काय याचं?" तो म्हणाला, "अक्का, वजन सांगतो."

पण आत काय रहस्य होतं! कापसाच्या एका पेढीवाल्याचं घर. लग्नाच्या आदल्या दिवशी घरातल्या मोठ्या बाईंची मोत्यांची नथ नाहीशी होते. संशय तिघांवर. मुनीम, घरचा डॉक्टर आणि थोरले जावई. मी ते पुस्तक पिठाच्या डब्याला टेकवून भाकरी थापताना वाचलं, कपडे वाळत घालताना काखेत धरून वाचलं. शिवण तशी सैलच होती. जेमतेम वीसेक पानं उरली आणि निर्मलाताई आल्या.

निर्मलाताई म्हणजे माझ्या लेकीच्या सासूबाई. राहतात धुळ्याला. हायस्कुलात मराठी शिकवून निवृत्त झाल्या. लग्न ठरताना त्यांनी मला शिक्षण विचारलं होतं. मी "सातवी" म्हटल्यावर अगदी मायेनं म्हणाल्या, "असू द्या हो, वाचनाची आवड आहे ना." ते "असू द्या" माझ्या पायातल्या काट्यासारखं रुतून बसलं. टोमणा मारला असता तर मीही परतवला असता. मायेनं बोलणाऱ्या माणसाचं काय करायचं?

त्यांच्या घरचे उडदाचे पापडही दरवर्षी आमच्याच गच्चीवर वाळतात. त्या वर्षी पापड डब्यात भरून झाले होते, त्या आपला डबा घेऊन निघाल्या होत्या, आणि त्यांचं लक्ष ओट्यावरच्या हिरव्या पुस्तकाकडे गेलं.

"कसं आहे हो हे?"

"अप्रतिम."

"आणि शेवट?"

बाई पडल्या शिक्षिका, थेट शेवटाला हात घातला. सरळ बाई म्हणाली असती की अजून वाचायचाय. मी काय म्हणाले असेन?

"शेवट तर असा घरगुती आहे ना, तुम्हाला वाटेल आपल्याच स्वयंपाकघरात घडलंय."

पुस्तक त्यांच्या पर्समध्ये गेलं आणि धुळ्याच्या बसमध्ये बसलं. मी दारात, तोंडात नथ कोणी घेतली हा प्रश्न घेऊन उभी.

दोन महिन्यांनी त्यांचा फोन आला. "अक्का, तुमची निवड मानली. शेवट काही वेगळाच आहे." त्या आनंदात मी आमच्या ह्यांना न मागता दुसरा चहा दिला. (एसटीत तीस वर्षं नोकरी केलेला माणूस, घाबरून विचारायला लागला की काय झालं.) मग पुस्तक धुळ्याहून परत आलं, तर निर्मलाताईंची शिफारस म्हणून मी उघडायच्या आतच ते मंगलानं नेलं, आणि तिच्याकडून माझ्या असोद्याच्या भावजयीकडे, सिंधूकडे गेलं. दोघींनी शेवटाची तारीफ केली. दिवाळीनंतर पुस्तक घरी आलं तेव्हा मी दार लावून, पाय वर घेऊन बसले.

पान एकशे शहात्तर. सगळे जण दिवाणखान्यात जमलेत. घरातले आजोबा उठून उभे राहतात आणि म्हणतात, "नथ घेणारं माणूस याच खोलीत बसलंय. ते माणूस म्हणजे"

पुढे हिरवा पुठ्ठा.

मी पुठ्ठा उलटून बघितला. झटकला. सोफ्याखाली बघितलं. पानं नाहीत! शिवणीचे दोरे तेवढे लोंबत होते. म्हणजे या तिघींपैकी कोणीतरी पानं पाडली होती. आणि मला विचारायची सोय नव्हती, कारण शेवट "अप्रतिम" आहे हे मीच गावभर सांगितलं होतं. आमचे हे म्हणाले, सरळ खरं सांगून टाक. मी म्हटलं, विहिणीला? त्यापेक्षा नथ मीच घेतली असं सांगेन.

मग मी आडून चौकशी सुरू केली. धुळ्याला फोन लावला.

"त्या पुस्तकाचा शेवट अजून डोक्यातून जात नाही हो, निर्मलाताई."

"माझ्याही."

"विशेषतः तो माणूस."

"हो ना. तोच."

आता यातून कोणी काय समजावं? मंगलाला विचारलं तर तिला एकदम गॅसवरचं दूध आठवलं. सिंधूला विचारलं तर तिनं केळीचे भाव सांगितले. सहा महिने मी भाजी निवडताना मुनिमावर संशय घेत होते आणि भांडी घासताना डॉक्टरवर. देवासमोर हात जोडले तरी जावई आठवायचे. ह्यांनी त्या काळात एकदा नुसतं विचारलं, "माझं पेन कोणी घेतलं?" तर मी दचकले.

या वैशाखात पापडाला चौघी माझ्या घरी जमलो. उडदाचं पीठ कुटून झालं, लाट्या तयार झाल्या. (लाटण्याआधी तेलात बुडवून निम्म्या खायच्या, हा आमच्याकडचा रिवाज आहे. पापड उरलेल्यांचे होतात.) सगळ्यांचे हात गुंतलेले, उठून पळायची सोय कोणालाच नाही. मी हळूच गळ टाकला.

"काही म्हणा, त्या हिरव्या पुस्तकातल्या मुनिमाची मला फार कीव येते."

मंगलाचं माहेर अमळनेरकडचं. ती लाटता लाटता म्हणाली, "कीव कसानी, अक्का? तोच तं चोर शे."

"मुनीम?" सिंधूचं लाटणं थांबलं. "डॉक्टर होता ना व तो."

निर्मलाताईंनी वर्गात बोलावं तशा आवाजात सांगितलं, "जावई."

मग तिघींच्या माना माझ्याकडे वळल्या. "अक्का, तुम्हीच सांगा," निर्मलाताई म्हणाल्या. "तुम्ही आधी वाचलंय."

मी सगळ्यांचा मान राखायचं ठरवलं. म्हटलं, "तिघांनी मिळून घेतली."

"एक नथ?" निर्मलाताई म्हणाल्या.

आमचे हे सांगितलेलं काम चार दिवस करत नाहीत. पण लाटी खायला म्हणून आले होते, ते न सांगता गेले आणि हिरवं पुस्तक घेऊन आले. निर्मलाताईंनी हात पुसले, चष्मा लावला, शेवटचं पान काढलं. एकशे शहात्तर. त्यांनी ते सगळ्यांना दाखवलं आणि पुस्तक मिटलं.

आधी मंगला बोलली. "माले वाटनं, पानं मनाच घर पडनात." सिंधूही म्हणाली की पानं आपल्याच घरी पडली असं तिलाही वाटलं, आणि अक्का चिडतील म्हणून तिनं डॉक्टरचं नाव मनानंच ठरवून टाकलं होतं.

निर्मलाताईंनी चष्मा काढून ठेवला. मग लाटीकडे बघत म्हणाल्या, "धुळ्यातल्या सगळ्या रद्दीच्या दुकानांत मी हिरवं पुस्तक शोधत फिरले. नाव विचारलं की मला सांगता यायचं नाही. तुमच्यासारखी वाचणारी बाई, तिच्या पुस्तकाची पानं मी हरवली, हे कोणत्या तोंडानं सांगणार होते?"

माझ्यासारखी वाचणारी बाई! तो काटा त्या क्षणी निघाला. पण आनंद करायला वेळच मिळाला नाही, कारण मास्तरीण बाईंचा हिशेब पुढे गेला होता. "पर्समध्ये नव्हती, माझ्या घरात नव्हती, म्हणजे माझ्याकडे यायच्या आधीच पानं गेली असणार. पण अक्का, तुम्ही तर शेवट वाचला होता ना?"

"चहा टाकते," मी म्हटलं आणि स्वयंपाकघर गाठलं.

चहाबरोबर भाजायला म्हणून मागच्या वर्षीच्या पापडांचा डबा उघडला. तळाशी चारच उरले होते. ते उचलले. खाली कागद होता. तेलकट, पिवळा, हिंगाचा वास येणारा. त्याच्या कोपऱ्यात आकडा होता, एकशे सत्याहत्तर.

मला सगळं आठवलं. मागच्या वर्षी डबे भरताना घरात एक वर्तमानपत्र नव्हतं, ह्यांनी सगळी रद्दी आदल्या दिवशीच दिली होती. माझा चष्मा गच्चीवर राहिलेला. ओट्याखाली कसलासा कागदांचा गठ्ठा पडलेला दिसला, तो मी डब्याच्या तळाशी घातला आणि वर विहिणीच्या देखत म्हटलं, "कागद घातला की पापड वर्षभर टिकतो."

झाकण लावून डबा फडताळात सरकवता आला असता. अब्रू वाचली असती, बाहेर कोणालाच काही कळलं नसतं. पण सहा महिने! मी गॅस चालू ठेवून तिथेच वाचायला सुरुवात केली. चहा उतू गेल्याचा वास बाहेर गेला आणि तिघी आत आल्या तेव्हा मी डब्यात डोकं घालून उभी होते.

निर्मलाताईंनी माझ्या हातातला डबा घेतला, उजेडाकडे तिरका धरला आणि मोठ्यानं वाचलं. नथ कोणीच चोरलेली नव्हती! मोठ्या बाईंनी ती लग्नाच्या गडबडीत सुरक्षित राहावी म्हणून आपल्याच हातानं डाळीच्या डब्यात तळाशी ठेवली होती, आणि त्या विसरल्या होत्या.

तिघींनी आधी डब्याकडे बघितलं, मग माझ्याकडे.

संध्याकाळी निर्मलाताईंनी सुईदोऱ्यानं पानं जागेवर शिवून दिली. यंदाची यादी झालेली होती, तरी ते पुस्तक मी पहिल्या नंबरवर घातलंय. जरूर वाचा. शेवटाकडे जरा भूक लागते, तेवढं सांभाळा. बसमध्ये चढताना निर्मलाताई म्हणाल्या, "अक्का, तुम्ही म्हणाला होतात, शेवट आपल्याच स्वयंपाकघरात घडल्यासारखा आहे." मी मान खाली घातली. आजवर केलेल्या शिफारशींपैकी अक्षरशः खरी ठरलेली ती एकच, आणि तीही न वाचता केलेली.