बाटलीतले बुडबुडे

पौडच्या दवाखान्यात आईच्या शेजारच्या खाटेवर एक आजोबा होते. नाक-घसा कोरडा पडू नये म्हणून त्यांचा ऑक्सिजन भिंतीवरच्या बाटलीतल्या पाण्यातून बुडबुडत यायचा. शहाळी घेऊन आलेले पुतणे तब्येतीची चौकशी एका वाक्यात उरकायचे आणि रस्त्याकडेच्या जमिनीचा विषय काढायचे. एकदा आजोबांनी फेटा सारखा करावा तसा दोन बोटांनी मास्क उचलला आणि म्हणाले, "बाटलीत बुडबुडं हायेत तवर जमीन माजीच हाय."

तेव्हापासून पुतण्यांची माया फारच वाढली. सकाळ-संध्याकाळ येऊ लागले. आल्या आल्या आजोबांच्या तोंडाकडे न बघता आधी बाटलीकडे बघायचे. तिच्यातलं पाणी तळाला गेलंय, हे सिस्टरना सांगायला मात्र रोज मलाच उठावं लागायचं.